उपाशी ठेवायची टाकी

आम्ही दोघा नवराबायकोनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे दुसऱ्या टाकीचं पाणी गाळणं. तुरटी फिरवून ड्रम दुपारपासून झाकून ठेवला होता. पाण्यातलं हिरवं शेवाळ खाली बसलं होतं. तिच्या जुन्या लुगड्याचा दुपदरी तुकडा, त्याचे दोन कोपरे खुंट्यांना बांधलेले, दोन तिच्या हातात. मी बादलीने ओतत होतो. पाणी खाली झिरपायचं, कापडावर लगदा राहायचा. चार वर्षं हेच करत होतो, त्यामुळे बोलायची गरज पडत नसे. कापड जड झालं की ती हनुवटीने खूण करायची, मी थांबायचो.

त्या दिवशी मी खूण व्हायच्या आधीच थांबलो. लगदा हिरवागार होता, मेथीच्या भाजीसारखा. तो पिवळट असायला पाहिजे होता, पिकायला लागलेल्या केळीच्या सालीसारखा.

"काय व, हे हिरवं कसं?" मी म्हटलं.

"मले काय माहीत."

"दहा दिवस झाले. आतापर्यंत पिवळं पडाले पाह्यजे होतं."

"पडीन उद्या-परवा. ओता ना, हात दुखू राह्यले."

मी ओतलं. आम्ही सगळा ड्रम गाळला, कापड पिळलं, लगदा थाळीत पसरला. तोपर्यंत सगळं रोजच्यासारखं होतं. पुढे जे झालं ते रोजचं नव्हतं. ते सांगायचं तर आधी टाक्यांचं सांगावं लागेल.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. शहरात, लोधीपुऱ्यात एका खोलीत राहून पंधरा-सोळा वर्षं पॉवरलूमवर काम केलं. कापसाची धूळ छातीत बसली, डॉक्टर म्हणाला हे सोड. आम्हाला मूलबाळ नव्हतं, दोन पोटं होती. गावाबाहेर तापीच्या अंगाला एका मालकाची केळीची बाग होती, तिथे पाणी द्यायला आणि राखण करायला राहिलो. विहिरीवरच्या मोटारीच्या शेजारी एक खोली मिळाली. आपला जिल्हा खंडव्यापासून वेगळा झाला होता, मोबाईल हातोहाती दिसायला लागले होते, बागेतली केळी ट्रकात भरून थेट दिल्लीला जायची. त्याच दिवसांत जिकडेतिकडे रतनजोत लावा, बियांपासून डिझेल काढा, असं चाललं होतं. कॉलेजातले एक सर मालकाच्या ओळखीचे. ते म्हणाले, रतनजोतीपेक्षा शेवाळात जास्त तेल आहे, मला दोन टाक्या बांधायला जागा द्या. मालकाने विहिरीजवळची पडीक जागा दिली, आणि राखणदारासकट दिली.

सर म्हणजे तिशीतलं पोरगं. बोलता बोलता अर्धं हिंदी, अर्धं मराठी. पहिल्या दिवशी एका बाटलीत हिरवं पाणी घेऊन आले. म्हणाले, "बाबा, इसमें करोडो जीव हैं. डोळ्याला दिसत नाहीत."

मी म्हटलं, "मग राखण कशाची करू? चोरालाही दिसणार नाही."

ते हसले. ही आतून म्हणाली, "चोर नेईन बाटली. तुम्ही बाटलीची राखण करा."

काम मात्र हसण्यासारखं नव्हतं. पहिली टाकी वाढवायची. तिला युरिया, थोडं सुपर फॉस्फेट, भरपूर ऊन, आणि दिवसातून सहा-सात वेळा फळीने ढवळणं. ढवळलं नाही तर वरचं वरचं ऊन खातं, खालचं अंधारात राहतं. म्हणून टाकी लांबरुंद केली, पण पाणी गुडघ्याच्या खाली ठेवलं. खोल केली असती तर निम्मी टाकी फुकट. आठवड्याभरात पाणी एवढं दाट व्हायचं की हात बुडवला तर बोटं दिसत नव्हती.

मग त्यातलं दाट हिरवं दुसऱ्या टाकीत टाकायचं. त्या टाकीत ऊन होतं, पाणी होतं, ढवळणं होतं. खत नव्हतं. युरियाचा कणही नाही. दुसरी टाकी ही उपाशी ठेवायची टाकी.

हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ही भाकरी थापत होती. सर दाराशी बसून सांगत होते. "मावशी, खाना मिला तो ये बढ़ता है. एकाचे दोन, दोनाचे चार. खाना बंद केलं की वाढ बंद. पण ऊन तर ते घेतच राहतं. मग त्या उन्हाचं काय करणार? तेल करून अंगात साठवतं, वाईट दिवसांसाठी."

"म्हणजे उपाशी मारल्याबिगर तेल देत नाही?"

"मारायचं नाही, मावशी. नुसतं उपाशी ठेवायचं."

"ठेवणारा असंच म्हणते," ती म्हणाली, आणि त्यांच्या हातात गरम भाकर ठेवली. वर मिरचीचा ठेचा. ते पोरगं आमच्याकडे जेवल्याशिवाय कधी गेलं नाही. ती जाऊ देत नव्हती.

चार वर्षांत मी त्या हिरव्याचे स्वभाव शिकलो. वैशाखात टाकीचं पाणी अंघोळीच्या पाण्यासारखं तापायचं. पहिल्या उन्हाळ्यात एका दुपारी सगळी टाकी पांढरी पडली आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटला. नंतर आम्ही दुपारी बारा ते चार बांबूवर केळीची पानं टाकून सावली करायला लागलो. थंडीत वाढायला दुप्पट दिवस लागायचे. पावसाचं पाणी शिरलं की बारीक किडे व्हायचे, ते दोन रात्रींत टाकी चाटून पुसून नेत. सरांनी एकदा मीठ घालून पाहिलं. मिठानेही तेल वाढलं, पण निम्मं हिरवं मरून तळाला बसलं. उपासाचंही तसंच. कमी दिवस ठेवलं तर तेल नाही. जास्त दिवस ठेवलं तर मरतं, मग तेल कुठून येणार. नेमके किती दिवस, तेच सर शोधत होते. आठ दिवस, दहा दिवस, बारा दिवस. दर वेळी वेगळं.

त्यासाठी वही होती. रोज सकाळी मी लिहायचो. ऊन कसं, पाणी किती गरम, रंग कोणता, खत किती. पहिल्या टाकीचं खत माझ्या मुठीने मोजायचं असं ठरलं होतं. सरांनी माझी मूठ पाच-सहा वेळा काट्यावर तोलून पाहिली होती आणि वहीच्या पुठ्ठ्यावर वजन लिहून ठेवलं होतं. दुसऱ्या टाकीच्या खताच्या रकान्यात मी रोज शून्य लिहायचो. सर म्हणायचे, "बाबा, टाकी बिघडली तरी चालेल, वही बिघडू नये. फेल झालं तर फेल लिहा." माझ्या आयुष्यात कोणी माझ्या लिहिण्यावर विश्वास ठेवला असेल तर त्या माणसाने. म्हणून मला त्या वहीचा गर्व होता. आता कळतं, जरा जास्तच होता.

तिला दुसरी टाकी कधी पटली नाही. तिचं माहेर देडतलाईकडचं, शेतकऱ्याचं घर. त्यांच्या घरची रीत होती, दावणीला बांधलेल्या जित्राबाला वैरण टाकल्याशिवाय ताटावर बसायचं नाही. घरात सुतक असलं तरी. आमच्याकडे ढोर नव्हतं, कोंबडीही नव्हती, म्हणून लग्नानंतर ती रीत मी विसरून गेलो होतो. ती विसरली नव्हती.

एकदा सरांनी दुर्बीण आणली, टेबलावर ठेवायची. एक थेंब, त्यात लाल औषध. आधी मी पाहिलं, मग तिने. तिने एक डोळा हाताने झाकून घेतला, दुसरा लावला, आणि किती वेळ उठलीच नाही. हिरव्या पोटात पिवळे मणी चमकत होते.

"दिसलं का तेल?" सरांनी विचारलं.

"दिसलं. हे उपाशी हाये ना?"

"हां. नऊ दिवसांचं."

"एवढंसं खायले दिलं तर काय होईन?"

"तो तेल पी जाएगा और फिर से बच्चे देगा," सर हसत म्हणाले. "सगळी मेहनत पाण्यात."

"पाण्यातच तर हाये मेहनत," ती म्हणाली. मीही हसलो. ती काय विचारत होती ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

त्या वर्षी सरांच्या कामाला पैसे देणारे लोक भोपाळहून पाहायला येणार होते. पाहून पटलं तर काम पुढे, नाही तर टाक्या बंद. सर आठ दिवस आधीपासून झोपले नसावेत, डोळे तसे दिसायचे. त्यांनी सांगितलं, "बाबा, दुसरी टाकी दहा दिवस उपाशी. अकराव्या दिवशी ते येतील. त्यांच्यासमोर गाळू, त्यांच्यासमोर तेल दाखवू." आम्ही दहाव्या दिवशी संध्याकाळी एक ड्रम गाळून पाहिला, तो हा.

आता त्या संध्याकाळकडे येतो.

थाळीतला लगदा मी बोटाने चोळला. हिरवंच. टाकीजवळ जाऊन पाणी ओंजळीत घेतलं. हिरवंच, आणि दहा दिवसांपूर्वी टाकलं होतं त्याहून दाट. उपाशी हिरवं दाट होत नाही. कोणीतरी खायला घातल्याशिवाय नाही.

मी खोलीत गेलो. युरियाची गोणी नेहमीच्या जागेवर होती, तोंड बांधलेलं. मग चुलीमागे गेलो. ज्वारीच्या पिठाच्या डब्याआड एक छोटा डबा होता, चहापत्तीचा. उघडला. आत युरिया.

ती दारात उभी होती. हात अजून हिरवे होते.

"किती दिवसांपासून?"

"रोज एक मूठ. सकाळी. भाकर खायच्या आधी."

"काहून?"

"बांधलेलं हाये ना ते," ती म्हणाली. "मोकळं असतं तर गेलं असतं कुठं चरायले. आपण बांधलं तर त्याची भूक आपल्या माथी. त्याच्यासमोर बसून मले घास गिळत नव्हता."

"अव, तेरा बाय आठची सिमेंटची टाकी हाये ती! गाय हाये का?"

"जीव हाये. तुम्हीच दाखवला त्या दुर्बिणीत."

मला फार राग आला. टाकीचा होताच, पण त्याहून माझ्या शून्यांचा. दहा दिवस मी वहीत शून्य लिहीत होतो आणि दहा दिवस ती शून्यं खोटी होती. मी ओरडलो. शेजारच्या बागेतल्या बाईला ऐकू जाईल एवढा ओरडलो. म्हटलं, "उद्या सकाळी सरले सांगणार. वहीतही लिहिणार. कोणी टाकलं ते नावानिशी लिहिणार."

ती तेव्हा घाबरली. टाकी बिघडली म्हणून घाबरली नव्हती, मला तर कधीच नाही. "लिहा ना, खत पडलं म्हणून लिहा," ती म्हणाली. "कोणी टाकलं ते नका लिहू. पोरगं मले मावशी म्हणते. त्याच्या चार वर्षांचं मातेरं म्या केलं, हे त्याले नका कळू देऊ. तुमच्या पाया पडतो."

"कळू दे. चांगलं कळू दे."

"मी सांगीन त्याले. पुढे कधी. माह्या तोंडाने. उद्या नको, उद्या ते मोठे लोक येतीन."

"उद्याच. मी सांगणार."

तिने हात धुतले, चूल पेटवली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी केल्या, वांग्याचं भरीत केलं. माझं ताट वाढलं. मी दोन भाकरी खाल्ल्या. पोटभर. तिने ताट घेतलं नाही. मी विचारलं नाही. नवराबायकोच्या भांडणात बाई जेवत नाही, सकाळी चहा पिते, दुपारी बोलते. आमच्याकडे बत्तीस वर्षं तसंच चाललं होतं. ती छातीत जळजळतं म्हणाली, तेव्हा मी म्हटलं, "उपाशी राहिलं की जळजळणारच. सोडा घे." हे माझं तिच्याशी शेवटचं बोलणं.

लोक म्हणतात, तुला काय माहीत होतं. माहीत नव्हतं, खरं आहे. माहीत नसताना माणूस जे बोलतो ते मागे घेता येत नाही, एवढंच. तिने टाकीला दहा दिवसांत एकदाही उपाशी ठेवलं नाही, आणि ती माझ्या घरातून उपाशी गेली. हे मी कोणाला आजवर सांगितलं नव्हतं. सांगून ते कमी होत नाही. पण आता माझं वय झालं, टाक्या पाडून तिथे केळी लावली त्यालाही किती वर्षं झाली, आणि तिला ओळखणारी चार माणसंही उरली नाहीत. म्हणून लिहून ठेवतो.

सकाळी उजाडल्यावर मी मोटारीकडे जाऊन आलो. येऊन म्हटलं, "चहा कर." तिने केला नाही. मला वाटलं, राग आहे. मीच चूल पेटवली, चहा केला, तिच्या उशाशी कप ठेवला. "घे, उठ," म्हटलं. हात लावला तेव्हा कळलं.

शेजारच्या बागेतली बाई धावत आली. तिने हात पाहिला, नाकाशी बोट धरलं, आणि मोठ्याने रडायला लागली. मला रडू आलं नाही. मी त्या कपाकडे बघत होतो. तो अजून गरम होता.

सर लवकर आले, स्कूटरवर, मागे दोन खुर्च्या बांधून. मोठ्या लोकांना बसायला. इस्त्रीचा सदरा घातला होता. खुर्च्या सोडल्याही नाहीत, दारात आले आणि तिथेच खाली बसले. "मावशी," एवढंच म्हणाले. मग बाहेर जाऊन फोन केला. "आज मत आइए," असं म्हणताना ऐकलं. परत येताना त्यांची नजर दुसऱ्या टाकीवर गेली. मी पाहिलं. ते अर्धा क्षण थांबले, हिरवं पाहिलं, आणि नजर काढून घेतली. काही विचारलं नाही. त्या दिवशी विचारणार नव्हतेच. पण पुढे कधीतरी विचारलं असतं, नाही तर स्वतःच जोडून पाहिलं असतं. दुर्बिणीपाशी बसून विचारलेला तिचा प्रश्न त्यांना आठवलाच असता.

मी कोनाड्यातली वही घेतली आणि त्यांच्यासमोर ठेवली.

"बाबा, आज नको."

"आजच. दुसऱ्या टाकीत दहा दिवस रोज खत पडलं. शून्यं खोटी आहेत. ती काढा."

"अच्छा, ठीक है. बाद में देखेंगे."

"नंतर नाही. लिहा. कोणी टाकलं तेही लिहा."

ते माझ्याकडे बघत राहिले. "कोणी?"

"मी."

बाहेर बायका जमायला लागल्या होत्या. आत त्यांचं रडणं ऐकू येत होतं. सर हलक्या आवाजात म्हणाले, "काहून, बाबा?" हा शब्द त्यांनी आमच्याकडूनच उचलला होता.

"मला वाटलं, फार दिवस झाले, मरेल. म्हातारा माणूस. अक्कल गेली."

"किती टाकलं?" सवयीने तोंडातून गेलं त्यांच्या. लगेच त्यांनी जीभ चावली. "जाने दो, बाबा. नको."

"रोज एक मूठ," मी म्हटलं. "तोलून घ्या."

चहापत्तीचा डबा काढला आणि मूठ भरली. माझी मूठ मोठी, लूम चालवलेली. तेवढं नको होतं. मी दोन बोटं आत दुमडली आणि पुन्हा भरली, लहान, तिच्या हाताएवढी. तिचा हात किती होता ते मला डोळे मिटूनही माहीत होतं. पीठ घेताना, मीठ घेताना रोज पाहिलेला.

सरांनी काटा आणला. त्यावर कागद ठेवला. मी मूठ उघडली. त्यांनी वजन पाहिलं. मग वहीचा पुठ्ठा उलटून माझ्या मुठीचं वजन पाहिलं. मग माझ्या हाताकडे पाहिलं, त्या दोन दुमडलेल्या बोटांकडे. त्यांना कळलं. माझ्यासारख्या माणसाची लबाडी त्यांच्यापासून कशी लपेल.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत थांबलो.

मग त्यांनी पेन उघडलं. दहा शून्यांवर एकेक रेघ मारली, पुढे खरं वजन लिहिलं, जे काट्यावर आलं होतं ते. शेवटच्या रकान्यात, कोणी टाकलं त्या जागी, लिहिलं, 'बाबा'.

"सही करा," ते म्हणाले. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली आणि तोंड भिंतीकडे केलं.

त्या वहीत मी चार वर्षांत एक खोटं अक्षर लिहिलं नव्हतं. मी सही केली. नाव तेवढं मला बरं लिहिता येतं.

तेवढ्यात शेजारीण दारात आली. बाईला आंघोळ घालायची, पाणी लागेल म्हणाली. मी उठलो आणि मोटार सुरू करायला गेलो.